मसाल्याच्या पाकिटाचं लेबल: नजर आधी कुठे जावी?

मिरचीपूड

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी आहोत. गाव कोल्हापूरपासून तासाभरावर. तीन वर्षं कांदा-लसूण मसाला करून ओळखीपाळखीत विकतोय. आता जरा धीर करून झिपवाली उभी पाकिटं आणली, २५० ग्रॅमची. त्यावर चिकटवायचं लेबल बाहेरून करून घेतलं आणि तिथेच गाडी अडली आहे.

फोटो इथे चढत नाहीये, म्हणून वर्णन करते. लेबल दहा सेंटिमीटर रुंद, बारा उंच. वर गटाचं नाव कमानीसारखं वाकवलेलं, पिवळी अक्षरं, त्यांना लाल कड, मागे काळी सावली. त्याखाली अंबाबाईच्या देवळाचा फोटो. डावीकडे मिरच्या, उजवीकडे लसणाच्या गड्ड्या, खाली पितळी खलबत्ता आणि त्या खलबत्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'कांदा-लसूण मसाला'. मागचा रंग वर लाल, खाली येता येता केशरी. चार कोपऱ्यांत चार चांदण्या: अस्सल, घरगुती, चविष्ट, शुद्ध. वजन, किंमत, घटक, परवाना क्रमांक हे सगळं तळाच्या पट्टीत मुंगीएवढं.

परवा आठवडी बाजारात एका आजींनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्ये तिखट हाय का कुंकू?" देऊळ आणि लाल रंग बघून त्यांना तसं वाटलं. त्यात त्यांची काही चूक नाही. तेव्हापासून मला चैन नाही. ३०० लेबलं छापून पडली आहेत, ती वाया गेली तर जाऊ देत. पुढची तरी नीट व्हावीत. मला कॉरल, म्हणजे संगणकावर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, थोडंफार येतं. पण कशाच्या मागे काय ठेवायचं, हे कुणी शिकवलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

जुना_जुळारी

ताई, आजींनी तुम्हाला फुकटात परीक्षा घेऊन दिली. तेच धरून पुढे जाऊ.

मी चौतीस वर्षं छापखान्यात काढली. सुरुवात खिळे (अक्षरांचे शिशाचे ठसे) जुळवण्यापासून, मग ऑफसेट, मग संगणक. गिऱ्हाईक लग्नपत्रिका घेऊन यायचं आणि म्हणायचं, "सगळंच मोठं करा." सगळं मोठं केलं की काहीच मोठं राहत नाही, हे त्यांना कागदावर दाखवावं लागायचं. तुमच्या लेबलावर कमान, देऊळ, मिरच्या, लसूण, खलबत्ता, चार चांदण्या अशा नऊ गोष्टी एकाच वेळी हाका मारताहेत. ज्याची हाक ऐकू यायला हवी, ते मालाचं नाव खलबत्त्यावर बसलंय.

संगणक बंद करा आणि कागदावर तीन अंतरं लिहा. पाच पावलांवरून काय वाचता आलं पाहिजे? हातात पाकीट धरल्यावर काय? डोळ्याजवळ नेऊन काय? पहिल्यात एकच गोष्ट येईल: कांदा-लसूण मसाला. दुसऱ्यात गटाचं नाव, वजन, किंमत. तिसऱ्यात घटक, तारीख, परवाना, पत्ता.

घरातलं कालनिर्णय बघा. १९७३ पासून ते आपल्या भिंतीवर आहे. तारखेचा आकडा ओट्यापाशी उभं राहून दिसतो. रविवार आणि सुट्टी लाल, तेही लांबूनच कळतं. तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय बघायचा तर जवळ जावं लागतं आणि माणूस आनंदाने जातो, कारण त्याला तेवढ्यासाठीच जायचं असतं. एका चौकोनात केवढा मजकूर आहे, तरी कुणी गोंधळत नाही. प्रत्येक गोष्टीचं अंतर ठरलेलं आहे.

खडू_फळा

काकांशी सहमत. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना पोस्टर करायला दिलं की त्यांच्याकडून एक करून घेते: चित्र भिंतीला टेकवायचं, चार हात मागे जायचं आणि डोळे अर्धवट मिटायचे. मजकूर धूसर होतो, उरतात ते नुसते गडद-फिके डाग. सगळ्यात ठळक डाग कुठला? तो तुमच्या पहिल्या गोष्टीचा आहे का? नसेल तर हातातलं रंगकाम तिथेच थांबवायचं.

ताई, तुमच्या लेबलावर हे करून बघा. माझा अंदाज, देवळाचा फोटो आणि कमानीची काळी सावली उरेल.

आणखी एक, जवळिकीचं. माक्स वर्टहायमर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये ठिपक्यांच्या साध्या ओळी काढून दाखवलं होतं की जवळजवळचे ठिपके डोळा आपोआप एका गटात धरतो. त्यासाठी चौकट लागत नाही, रेघ लागत नाही. पंगतीत दोन पानांमधलं अंतर जरा वाढलं की पुढचं कुटुंब वेगळं आहे हे कळतं, तसंच. तुमच्या तळपट्टीत वजनाला चिकटून परवाना क्रमांक, त्याला चिकटून घटक, त्याला चिकटून मोबाइल नंबर असणार. एका जातीची माहिती एकत्र ठेवा आणि दोन जातींमध्ये चांगली जागा सोडा. मग पट्टीही लागणार नाही.

वेबकर_पुणे

मी वेबसाइटं करतो, छपाईतलं फारसं कळत नाही. पण रंगाचं एक मोजमाप आमच्याकडे आहे ते सांगतो. अक्षर आणि त्याच्या मागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक आकड्यात काढता येतो. दोन्ही सारखे असतील तर १:१, पांढऱ्यावर काळं असेल तर २१:१. स्क्रीनवरच्या वाचनीयतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला निदान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ लागतात.

तुमच्या रंगांचे आकडे स्क्रीनवरच्या भडक छटा धरून काढले. खलबत्त्याचं पितळ केशरीच्या जवळचं धरून त्यावर पांढरं: जेमतेम २. लालवर पिवळं: ३.७. म्हणजे मालाचं नाव सगळ्यात दुबळ्या जोडीत अडकलंय. लाल-पिवळं आपल्याला झगझगीत दिसतं म्हणून ते वाचायला सोपं असेलसं वाटतं. पण झगझगीत असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. कड आणि सावली का द्यावी लागली तेही यातून कळेल. रंगांची जोडी कमजोर होती, म्हणून तिला टेकू लावले.

आता तोच लाल गडद करून किरमिजी घ्या आणि मागे साईसारखा पांढरट पिवळा ठेवा. फरक दहाच्या आसपास जातो. सावली नको, कड नको.

लग्नपत्रिका छापणाऱ्यांनीही हे बघावं. भडक लालवर सोनेरी रंग २ पर्यंतसुद्धा पोचत नाही. तोच सोनेरी किरमिजीवर ५ च्या वर जातो. पत्रिका दिसायला तशीच श्रीमंत राहते आणि आजोबांना मुहूर्त वाचता येतो.

मिरचीपूड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळ्या जणी माझ्या ओसरीवर जमलो. डोळे अर्धवट मिटून बघण्याचा प्रयोग केला. खडू_फळा ताई, अगदी तुम्ही म्हणालात तसंच झालं: देऊळ उरलं. मसाल्याचं नाव कुठेच नाही.

मग नवीन केलं. साईच्या रंगाची जमीन, वरच्या निम्म्या भागात किरमिजी रंगात दोन ओळी, 'कांदा-लसूण' आणि खाली 'मसाला'. त्याखाली गटाचं नाव लहान. देऊळ आणि खलबत्ता काढले. मिरची ठेवली, एकच, रेषेने काढलेली. चांदण्या काढताना थोडा वाद झाला, पण काढल्या. वजन आणि किंमत डावीकडे खाली. घटक उजवीकडे खाली.

आधीपेक्षा शंभर पटीने बरं आहे. तरी काहीतरी खुपतंय आणि काय ते बोट ठेवून सांगता येत नाही. नाव मधोमध आहे, गटाचं नाव मधोमध, मिरची उजवीकडे, वजन डावीकडे, घटक उजव्या कडेला लावलेले. फॉन्ट तीन आहेत. घटकांचा मजकूर गिचमिड वाटतो.

जुना_जुळारी

जे खुपतंय ते तुम्हीच शेवटच्या तीन वाक्यांत लिहिलंय.

प्रत्येक गोष्ट वेगळ्या रेषेला टेकली आहे. पाच गोष्टी, तीन रेषा. एक रेषा पक्की करा. मी तर म्हणतो डावी. कडेपासून आठ मिलिमीटरवर उभी रेघ मनात ओढा आणि नाव, गटाचं नाव, वजन, घटक, सगळ्यांची सुरुवात तिथून करा. पत्रिकेला मधली मांडणी शोभते, कारण तिथे ओळी थोड्या आणि आखूड असतात. घटकांसारखा मजकूर मधोमध लावला की दर ओळीला नवी सुरुवात शोधावी लागते. फॉन्ट एकच घ्या आणि त्याचं जाड व साधं अशी दोन वजनं वापरा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात अगदी बारीकपासून अगदी जाडपर्यंत वजनं आहेत. आकारात फरक करायचा तर दणकून करा. १४ आणि १६ पॉइंट (हे अक्षराच्या आकाराचं माप) शेजारी ठेवले तर चूक झाल्यासारखं दिसतं. ९, १८, ४० असं काहीतरी घ्या.

आता गिचमिडीकडे येतो. हा आपल्या लिपीचा खास प्रश्न आहे आणि यावर जरा सविस्तर लिहितो.

रोमन लिपीचा संसार बहुतेक एकाच मजल्यावर चालतो. आपल्या लिपीला तीन मजले आहेत. मधे अक्षर, डोक्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, आणि पायाशी उकार, ऋकार, पाय मोडलेली जोडाक्षरं. सॉफ्टवेअर ओळींमध्ये आपणहून जे अंतर सोडतं ते रोमनच्या हिशेबाने, अक्षराच्या साधारण १२० टक्के. तुमच्या घटकांत 'दगडफूल' असणार. त्याच्या खालच्या ओळीत नेमकं 'दालचिनी' आलं तर वरच्या फू चा ऊकार खालच्या वेलांट्यांत जाऊन बसतो. सगळं काळं काळं दिसतं आणि माणूस म्हणतो फॉन्ट खराब आहे. फॉन्ट बिचारा बरोबर असतो. ९ पॉइंट अक्षराला १४ पॉइंटची ओळ द्या. जागा पुरत नसेल तर शब्द कमी करा, ओळी दाबू नका.

दुसरं, अक्षरांमधलं अंतर. रोमनमध्ये अक्षरं सुटी करून शब्द ऐसपैस करतात आणि ते छान दिसतं. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषा तुटते. दोरी तुटलेल्या तोरणासारखी अक्षरं सुटी लोंबतात.

तिसरं मी माझ्या चुकीतून शिकलो. मसाल्याच्याच पाकिटासाठी आम्ही घटक जाड केले होते, वर अक्षरांना बारीक कड दिली होती, म्हणजे उठून दिसतील. छापून आल्यावर गिऱ्हाईक विचारायला लागलं, "हे 'घणे' म्हणजे काय?" धणे होते ते. ध च्या डोक्यावर शिरोरेषेत डावीकडे जी फट असते, ती जाडीने आणि कडेने बुजली. ध चा घ झाला. भ चा म असाच होतो. अक्षराच्या आतली पांढरी जागा हा अक्षराचाच भाग आहे. ती शाईने भरली तर अक्षर बदलतं. तेव्हापासून नऊ-दहा पॉइंटच्या मजकुराला मी कधी कड दिली नाही. तोच मजकूर गडद रंगावर पांढरा असेल तर आणखी जपावं लागतं, कारण चहूबाजूंनी शाई पसरून बारीक रेघ गिळते.

वेबकर_पुणे

वा, धण्यांचं उदाहरण कायमचं लक्षात राहील. लिपीचंच आणखी एक. ताई, तुमच्या मालाच्या नावात 'ल' दोनदा येतो. बऱ्याच फॉन्टांत आपण टाइप केलं की हिंदी वळणाचा, उभ्या दंडाचा ल येतो. मराठी शाळेत आपण पाकळ्यांचा ल शिकतो. श चंही तसंच. काही फॉन्टांत दोन्ही वळणं आत असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की मराठी वळण आपोआप येतं. चाळीस पॉइंटमध्ये हा फरक लांबूनही दिसेल.

श्रावणसर

थोडं वेगळं मत मांडते. मी दुकान चालवते, किराणा. तुम्ही सगळे मिळून ताईंचं लेबल पार सोवळं करून टाकणार असं वाटतंय. साईचा रंग, एक मिरची, डाव्या रेषेवर शब्द. शहरातल्या महागड्या दुकानात असली पाकिटं असतात, आणि माझ्या गिऱ्हाइकाला ती बघून वाटतं की हे आपल्यासाठी नाही, हे महाग असणार. आमच्याकडे भरलेलं आवडतं. पदर भरजरी लागतो, ताट भरलेलं लागतं. मसाल्याचं पाकीट बघून नाकात ठसका आला पाहिजे.

खडू_फळा

श्रावणसर ताई, तुमचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रिकामं म्हणजे चांगलं असा नियम कुठेच नाही.

पैठणीच घ्या. पदर केवढा भरगच्च: मोर, वेली, जर. काठही भरलेले. पण अंगावर काय असतं? एक रंग आणि मोजक्या अंतरावर छोट्या बुट्ट्या. ते अंग शांत आहे म्हणून पदर बोलतो. अंगभर पदरासारखीच वीण असती तर पदर कुठे सुरू झाला ते कळलं नसतं. ठिपक्यांच्या रांगोळीतही हेच आहे. पूर्ण झाल्यावर ती कितीही दाट दिसो, आधी ठिपके मोजून, सारख्या अंतराने मांडलेले असतात. रेषा त्यांना धरूनच वळते. छापखान्यातले लोक ज्याला ग्रिड म्हणतात, ते आपल्या अंगणात रोज सकाळी मांडलं जातं.

म्हणून भरा, जरूर भरा, पण एका जागी. ताई, लेबलाच्या उजव्या किंवा वरच्या कडेला एक पट्टा घ्या, दोन-अडीच सेंटिमीटरचा, आणि त्यात मिरची, लसूण, कांद्याच्या चकत्या, खोबऱ्याची वाटी यांची दाट नक्षी करा, काठासारखी. तोच आकार पुन्हा पुन्हा. बाकीची जमीन मोकळी ठेवा. पुढे उद्या तुम्ही गोडा मसाला काढलात तर काठ बदला, जमीन तीच ठेवा. फळीवर दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली की एकाच घरची दिसतील.

श्रावणसर

काठाची कल्पना पटली. फळीवर आम्ही पाकिटं अर्धवट एकमेकांवर टेकवून ठेवतो, तेव्हा उजवी बाजू झाकली जाते. काठ डावीकडे किंवा वर घ्या.

राईनकाठी

जर्मनीतून लिहितोय, कापड छपाईच्या कारखान्यात रंगांचं काम करतो. एक गोष्ट सुटू नये म्हणून मधे पडतो. ताई, पाकीट पारदर्शक आहे का? म्हणजे लेबलाच्या आजूबाजूने मसाला दिसणार का?

दिसणार असेल तर लेबलाचा लाल ठरवताना मसाला शेजारी ठेवून ठरवा. पॅरिसला गोबलँ नावाचा जुना गालिचे विणायचा कारखाना आहे. तिथल्या रंगाईवर शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ देखरेख करत. तक्रार अशी यायची की काळा रंग फिका पडतोय. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यावर तो काळा दुबळा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं: रंग एकटा कधी दिसत नाही, शेजारचा रंग त्याला ढकलतो. तुमच्या भडक लाल लेबलाशेजारी उत्तम मसाला विटकरी, मळकट दिसेल. आधीचं लेबल तसंच करत होतं असं मला वाटतं. साईच्या रंगाशेजारी तोच मसाला तांबडालाल दिसेल. म्हणजे तुम्ही लाल रंग छापायचाच नाही, मसाल्यालाच लाल दिसू द्यायचं.

मिरचीपूड

राईनकाठी दादा, पाकीट पारदर्शकच आहे. आत्ता दोन्ही लेबलं एकाच मसाल्याच्या पाकिटांवर लावून उन्हात ठेवली. खरोखर दोन वेगळे मसाले वाटतात! आमच्या एका वहिनी म्हणाल्या, हा जुना साठा आहे का. मी त्यांना लेबल सोलून दाखवलं. आम्ही इतके दिवस स्वतःचाच माल स्वतःच्या लेबलाने मळवत होतो.

एक अडचण आहे. वजन, किंमत, तारखा वगैरे कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते, सोबत मराठी चालते. आम्ही ती इंग्रजीत देतोय. रोमन आणि देवनागरी एकाच पॉइंटात ठेवलं तर इंग्रजी अंगावर येतं आणि मराठी खुजं दिसतं.

जुना_जुळारी

येणारच. पॉइंटचा आकडा सारखा असला म्हणून डोळ्याला आकार सारखा दिसत नाही. देवनागरीचं अक्षर मात्रा-उकारांना जागा ठेवून मधल्या मजल्यावर बसलेलं असतं. आकडे बघू नका, प्रिंट काढून बघा. रोमन अर्धा-एक पॉइंट उतरवत जा आणि दोन्ही एका उंचीचे वाटले की थांबा.

बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत छापा, किरमिजीत नको. किरमिजी दोन-तीन शाया एकावर एक पडून होतो. त्यातली एक केसभर सरकली तरी बारीक अक्षराला भूत लागतं. चाळीस पॉइंटला ते जाणवत नाही. शाकाहाराची हिरवी चौकट आणि ठिपका मालाच्या नावाजवळ घ्या आणि त्याच्याभोवती काही येऊ देऊ नका. कडेला तीन मिलिमीटर जादा रंग सोडा, कटिंगला लागतो.

मिरचीपूड

आज प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं. वरती मिरची-लसणाचा काठ, खाली मोकळी जमीन, सगळ्या ओळी एका रेषेला. पाकळ्यांचा ल आला आहे, भाषा मराठी केल्यावर. पाकिटावर चिकटवून देवळीत ठेवलं आणि दारातून बघितलं: कांदा-लसूण मसाला. स्वच्छ.

गटातल्या सगळ्यात मोठ्या आत्तींनी चष्म्याशिवाय नाव, वजन, किंमत वाचली. घटकांना मात्र त्या 'दगडफूल'पाशी अडखळल्या. अक्षर एक पॉइंटने वाढवावं म्हणते, पण मग 'कोरड्या जागी ठेवावे' ही ओळ मावत नाही. ती काढू का?

जुना_जुळारी

ती काढू नका, मसाल्याला ती हवीच. लेबलाभोवती अजून चौकट आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण पहिल्या लेबलाला असणारच.

मिरचीपूड

आहे. किरमिजी, दुहेरी रेघेची.

जुना_जुळारी

ती काढा. लेबलाची कड हीच चौकट. चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर मिळतील. घटक १० पॉइंट करा, ओळ १५ ची ठेवा आणि आत्तींना पुन्हा वाचायला द्या. मग छापायला सोडा.